सतरावा, पाचवा, पहिला: नेथन चेनची चार वर्षं

प्रकरण अभ्यासात सहसा माणसाचं नाव झाकतात. इथे झाकण्यात अर्थ नाही. जे घडलं ते कॅमेऱ्यांसमोर घडलं, आणि प्रत्येक उडीचे गुण दशांशापर्यंत नोंदलेले आहेत. माणूस म्हणजे अमेरिकेचा फिगर स्केटर नेथन चेन. काळ फेब्रुवारी २०१८ ते फेब्रुवारी २०२२. स्केटिंग म्हटलं की आपल्याकडे सोसायटीच्या आवारात गुडघ्यांना पॅड बांधून चाकांच्या बुटांवर फिरणारी पोरं डोळ्यांसमोर येतात. बर्फावरचा हा खेळ आपल्याला लांबचा आहे. पण त्यातला पेच लांबचा नाही. ज्याच्याकडून सगळ्यांना एकच गोष्ट हवी आहे, त्याने ती एकदा घालवल्यावर पुन्हा तिच्यासमोर उभं कसं राहायचं?

पार्श्वभूमी

चेनचा जन्म १९९९ चा, सॉल्ट लेक सिटीतला. आईवडील चीनमधून अमेरिकेत आलेले, पाच भावंडांत हा धाकटा. २००२ चं हिवाळी ऑलिंपिक त्याच्याच गावात झालं आणि त्याच सुमारास तो बर्फावर उतरला, तेही बहिणीचे पांढरे स्केट्स घालून. मुलगे काळे घालतात, पण घरात पाच पोरं असली की रंग कोण बघतो. पुढे त्याला शिकवायला रफाएल अरुत्युन्यान हवे, असं आईने ठरवलं. ते कॅलिफोर्नियात. सॉल्ट लेकहून तिथवर गाडीने दहा तासांहून जास्त. ती गाडी आई चालवायची.

या खेळात एका स्पर्धेचे दोन भाग असतात. पहिला शॉर्ट प्रोग्रॅम, सुमारे दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा, त्यात उड्यांच्या फक्त तीन जागा. दुसरा फ्री स्केट, लांब आणि जास्त गुणांचा. दोन्हींची बेरीज म्हणजे निकाल. फ्री स्केटमध्ये एक उडी हुकली तर पुढे भरून काढायला वाव असतो. शॉर्टमध्ये तो जवळजवळ नसतो, आणि तिथेच भलेभले घसरतात.

चेनची ओळख होती क्वाड, म्हणजे हवेत चार फेरे घेणारी उडी. हवेत मिळतो सेकंदाहून कमी वेळ, आणि उतरायचं एका पायावर, काही मिलिमीटर जाडीच्या पात्यावर. २०१६ च्या सुरुवातीला नितंबाच्या सांध्याला दुखापत होऊन त्याची शस्त्रक्रिया झाली. वर्षभरात, जानेवारी २०१७ मध्ये, राष्ट्रीय स्पर्धेच्या एकाच फ्री स्केटमध्ये त्याने पाच क्वाड मारले. तोवर ते कोणाला जमलं नव्हतं. वय सतरा. ‘क्वाड किंग’ हे नाव तेव्हापासून चिकटलं.

अडचण

२०१७-१८ च्या हंगामात त्याने ग्रां प्री फायनल, म्हणजे हंगामातल्या आंतरराष्ट्रीय मालिकेची अंतिम स्पर्धा, जिंकली, राष्ट्रीय विजेतेपद राखलं. पुरुषांच्या एकेरीत अमेरिकेला २०१० नंतर ऑलिंपिक सुवर्ण मिळालेलं नव्हतं. त्यामुळे दक्षिण कोरियातल्या प्योंगचांग ऑलिंपिकच्या आधीच त्याचा चेहरा जाहिरातींत झळकू लागला होता. ही उधारीची प्रसिद्धी. केलेल्या कामासाठी मिळते ती वेगळी; ही अजून न मिळालेल्या पदकाच्या तारणावर मिळालेली होती, आणि वसुलीची तारीख ठरलेली होती.

आधी सांघिक स्पर्धा झाली. त्याच्या शॉर्टमध्ये चुका झाल्या, गुण ८०.६१, चौथा क्रमांक. अमेरिकेला कांस्य मिळालं, म्हणून त्याची फार चर्चा झाली नाही. हा या प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू, आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

आठवड्याभराने वैयक्तिक शॉर्ट होता. एक मार्ग असा होता की सांघिक स्पर्धेतली रचना तशीच ठेवायची आणि तीच नीट बसवायची. तसं झालं नाही. फ्लिप आणि लुट्झ हे उडीचे प्रकार. सुरुवातीच्या क्वाड फ्लिपच्या जागी त्याहून अवघड क्वाड लुट्झ आली. तेव्हाच्या कोष्टकात लुट्झची मूळ किंमत १३.६ होती, फ्लिपची १२.३. म्हणजे खटाटोप १.३ गुणांचा. १६ फेब्रुवारीला पहिल्याच उडीला तो पडला. मग पुढच्या उडीला जोड द्यायला, म्हणजे तिला लागूनच दुसरी उडी मारायला हवी होती, तीही साधली नाही. तिसरी, साडेतीन फेऱ्यांची ट्रिपल अ‍ॅक्सल, तीही डगमगली. तीन जागा, तिन्हींत चूक. गुण ८२.२७, क्रमांक सतरावा. पहिल्या क्रमांकावर जपानचा युझुरू हान्यू होता, १११.६८ गुणांवर.

नंतर त्याने स्वतःच सांगितलं की डोक्यात पदक होतं, चूक करायची नाही हे होतं, आणि स्केटिंग मागे पडलं. त्यात मला नवल वाटत नाही. चूक टाळण्याच्या विचाराने चार फेऱ्यांची उडी मारता येत नाही. ती मारायला अंग झोकून द्यावं लागतं. सावध माणूस फेरे पुरे होण्याआधीच खाली येतो.

एका रात्रीतले पर्याय

फ्री स्केट दुसऱ्याच दिवशी. हातात एक रात्र. पर्याय तीन दिसतात.

पहिला, ठरलेला कार्यक्रम करायचा आणि पहिल्या दहांत येऊन अब्रू वाचवायची. दुसरा, क्वाड कमी करून स्वच्छ स्केटिंग करायचं. मन सावरायला हाच बरा, आणि बरेच प्रशिक्षक हाच सुचवतील. तिसरा, आणखी भर घालायची.

त्याने तिसरा धरला आणि सहा क्वाड मारले. एकीला हात बर्फाला टेकला, बाकीच्या पाच स्वच्छ. गुण २१५.०८, त्या दिवशीचे सर्वाधिक, सुवर्ण जिंकलेल्या हान्यूपेक्षाही जास्त. सतराव्यावरून तो पाचव्यावर आला. एकूण २९७.३५. चौथ्या क्रमांकावरच्या चीनच्या जिन बोयांगपेक्षा अवघे ०.४२ कमी.

इथे टाळ्या वाजवून पुढे जायचा मोह होतो. पण आकडे जरा बघू. कांस्य मिळालं ३०५.२४ ला, म्हणजे चेनला ७.८९ गुण कमी पडले. शॉर्टमध्ये त्याला ९० च्या थोडं वर मिळाले असते तर पदक होतं. त्याच्यासाठी ९० म्हणजे काही दिव्य नव्हतं, एक साधा दिवस पुरला असता. त्या सहा क्वाडचं कौतुक करताना हे विसरू नये. तो पराक्रम शक्य झाला, कारण गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि खरी अडचण तीच होती. गमावण्यासारखं काही नसताना तो जगातला सर्वोत्तम स्केटर होता; असताना सतरावा. असा खेळाडू ऑलिंपिक जिंकत नाही, कारण जिंकण्याच्या जवळ पोहोचला की गमावण्यासारखं काहीतरी हातात येतंच.

महिन्याभराने मिलानच्या जागतिक स्पर्धेत त्याने ३२१.४० गुणांनी सुवर्ण जिंकलं, दुसऱ्यापेक्षा ४७ हून अधिक गुणांनी पुढे. मात्र दुखापतग्रस्त हान्यू तिथे नव्हता आणि ऑलिंपिकनंतर बरेच जण थकलेले होते. त्या विजयाने प्योंगचांगच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं मी मानत नाही.

मोठा निर्णय

२०१८ च्या वसंतात त्याच्यासमोर काय काय होतं? अठराव्या वर्षी जगज्जेता. जाहिराती आणि बर्फावरचे शो करत सोडून देता आलं असतं. कॅलिफोर्नियात राहून चार वर्षं बेजिंग, म्हणजे २०२२ चं पुढचं ऑलिंपिक, हा एकच जप करता आला असता, आणि बहुतेक ऑलिंपिक पदकांच्या मागे हाच मार्ग असतो. किंवा शिकायला जायचं आणि स्केट्स खुंटीला टांगायचे.

त्याने येल विद्यापीठात प्रवेश घेतला आणि स्केटिंगही सोडलं नाही. विषय संख्याशास्त्र आणि डेटा सायन्स. येल देशाच्या दुसऱ्या टोकाला, कनेटिकट राज्यात. प्रशिक्षक पश्चिम किनाऱ्यावर, घड्याळात तीन तासांचं अंतर. सराव बराचसा एकट्याने, विद्यापीठाच्या आणि आसपासच्या रिंकवर. अरुत्युन्यान फोनच्या पडद्यावर. सुट्ट्यांत कॅलिफोर्निया.

बारावीच्या वर्षी मैदान बंद करणाऱ्या आपल्या घरांत हे उलटंच वाटेल. इथे पुस्तक खेळाच्या आड आलं नाही, उलट खेळाची मक्तेदारी मोडायला उपयोगी पडलं. तो निर्णय मला धाडसाचा वाटतो, पण जरा वेगळ्या कारणाने. वेळेचं नुकसान उघड होतं. प्रशिक्षक शेजारी नसताना क्वाडमधली छोटी चूक आठवडाभर मुरत राहते आणि अंगवळणी पडते. त्याबदल्यात मिळालं ते मोजता न येणारं होतं: रिंकबाहेर अशी एक जागा, जिथे लुट्झ बसली की पडली याने काही बिघडत नव्हतं. संख्याशास्त्राचा पेपर क्वाडला गुण देत नाही. एरवी सगळा दिवस एकाच निकालावर टांगलेला असतो. आता तो दोन खुंट्यांवर टांगला गेला.

हे लिहिताना एक कबूल करायला हवं. यातला बराच भाग मी निकाल माहीत असताना लिहितोय. बेजिंगमध्ये तो पुन्हा पडला असता तर याच लेखात मी लिहिलं असतं की एका दगडावर पाय ठेवायचा सोडून दोन दगडांवर ठेवला. मग प्रकरण तपासायचं कसं? निर्णय घेताना काय माहीत होतं आणि परत फिरायची वाट कितपत मोकळी होती, यावरून. पहिल्या वर्षी जमलं नसतं तर येलमधून रजा घेता आली असती, आणि पुढे २०२० ते २०२२ या दोन वर्षांसाठी त्याने ती घेतलीच. म्हणजे उडी मारताना उतरायची जागा आधी बघून ठेवलेली होती.

मधली वर्षं

२०१९ ची जागतिक स्पर्धा जपानमधल्या सायतामा इथे, हान्यूच्या अंगणात. प्रेक्षागृह हान्यूचं होतं. चेन ३२३.४२, हान्यू ३००.९७. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तुरिनच्या ग्रां प्री फायनलमध्ये चेन ३३५.३०, हान्यू २९१.४३. वसतिगृहात राहून, अभ्यास सांभाळून.

याला नियमांचीही साथ होती, ती सांगायला हवी. प्योंगचांगनंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने क्वाडच्या मूळ किमती उतरवल्या, लुट्झ १३.६ वरून ११.५ वर आली. फ्री स्केटमधल्या उड्या आठवरून सात झाल्या, आणि उडी कशी मारली याच्या गुणांची पट्टी उणे तीन ते अधिक तीन होती ती उणे पाच ते अधिक पाच झाली. म्हणजे उड्या नुसत्या मोजून भागेना, त्या देखण्या हव्यात. चेन तोवर उड्यांचा माणूस म्हणून ओळखला जायचा. या काळात त्याने पावलांवर, संगीतावर मेहनत घेतली; एका फ्री स्केटच्या शेवटी चक्क हिपहॉप घातलं. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने गुणपत्रिका नीट वाचली, असं म्हणायला हरकत नाही.

२०२० ची जागतिक स्पर्धा महासाथीमुळे रद्द झाली. २०२१ मध्ये स्टॉकहोमला, रिकाम्या प्रेक्षागृहात, शॉर्टमध्ये पुन्हा क्वाड लुट्झवरच तो पडला आणि तिसऱ्या क्रमांकावर गेला. फ्री स्केटमध्ये २२२.०३ मिळवून जिंकला. प्योंगचांगसारखंच? वरवर. इथे पदक अजून हातात होतं, तरी तो झोकून स्केट करू शकला. २०१८ आणि २०२१ मधला फरक दाखवायला सांगितला तर मी हीच स्पर्धा दाखवेन. बेजिंगची नाही.

मग ऑक्टोबर २०२१, लास वेगासमधली स्केट अमेरिका स्पर्धा. ऑलिंपिकला चार महिनेही नाहीत आणि तो तिसरा आला. पहिला आला त्याचाच देशबंधू व्हिन्सेंट झोऊ. प्योंगचांगनंतर एवढ्या मोठ्या वैयक्तिक स्पर्धेत चेन पहिल्यांदाच हरला.

दुसरा निर्णयबिंदू

हरल्यावर काय बदलायचं? हंगामासाठी नवे कार्यक्रम बसवले होते. एक वाट म्हणजे तेच घासत राहायचं. जानेवारीत नॅशव्हिलच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने २०१९-२० चे दोन्ही जुने कार्यक्रम परत काढले, हिपहॉपवालाही. ऑलिंपिकच्या तोंडावर जुनं काढणं म्हणजे हार मानणं, असं या खेळात मानलं जातं. पंचांना नवं हवं असतं असा समज आहे. चेनने अंगात मुरलेलं निवडलं. पायांना विचारावं लागत नाही असं काहीतरी.

२०१८ मध्ये डगमगल्यावर त्याने उडी अवघड केली होती. २०२१ मध्ये डगमगल्यावर तो ओळखीच्या जागी परतला. माणूस बदलला म्हणतात तो इथे बदलला.

मनाची बाजू सांभाळायला त्याने मानसिक प्रशिक्षकाची मदत घेतली, आणि बेजिंगला जाताना मजा घ्यायची हे एकच ध्येय असल्याचं सांगत राहिला. खेळाडूंच्या तोंडी हे वाक्य इतकं ऐकलंय की कान किटलेत. त्याच्या बाबतीत मी ते थोडं गंभीरपणे घेतो. मजा घेणं हा त्याच्यासाठी तांत्रिक उपाय होता: त्याशिवाय अंग झोकता येत नव्हतं.

निकाल

८ फेब्रुवारी २०२२, बेजिंग. शॉर्टमध्ये ११३.९७, विश्वविक्रम. दोन दिवसांनी फ्री स्केटमध्ये पाच क्वाड, शेवटाकडे एका जोडउडीत किरकोळ घोळ, २१८.६३. एकूण ३३२.६०. रौप्य जपानच्या युमा कागियामाला ३१०.०५ वर, कांस्य शोमा उनोला. महासाथीच्या निर्बंधांमुळे चेनची आई प्रेक्षागृहात नव्हती. ज्या शहरात ती वाढली त्याच शहरात मुलगा जिंकला, आणि ती दूर अमेरिकेत. चिनी समाजमाध्यमांवर त्याच्यावर टीकेची झोडही उठली, तोही प्रसिद्धीचाच हिस्सा. या वेळी ती उधारीची नव्हती, एवढाच फरक.

त्याच बर्फावर हान्यूचं वेगळंच चाललं होतं. शॉर्टमध्ये पहिल्याच उडीला पातं बर्फातल्या खाचेत अडकलं आणि चार फेऱ्यांऐवजी एकच झाला. ९५.१५, आठवा. चेनपेक्षा १८.८२ मागे. फ्री स्केटमध्ये त्याने क्वाड अ‍ॅक्सलचा प्रयत्न केला, साडेचार फेऱ्यांची उडी, जी तोवर कोणालाच स्पर्धेत साधली नव्हती. तो पडला, चौथा आला. दोन ऑलिंपिक सुवर्णं गाठीला असलेल्या माणसाने पदकाऐवजी एक उडी निवडली. चेनने पदकाला आयुष्यात थोडी लहान जागा दिली. हान्यूने पदकाच्या जागी दुसरंच काही ठेवलं. ओझं हलकं करायच्या या दोन तऱ्हा आहेत. कोणती थोर हे ठरवायचा हट्ट मी धरणार नाही, पण अठरा वर्षांच्या पोराला दुसरी परवडत नाही. त्यासाठी आधी दोन सुवर्णं लागतात.

बेजिंगनंतर चेन स्पर्धेत उतरला नाही. येलला परतला आणि २०२४ मध्ये पदवी घेतली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, २०१८ च्या सांघिक स्पर्धेतला इशारा ऐकता आला असता. ८०.६१ हा आकडा समोर होता. संघाला पदक मिळाल्याच्या आनंदात वैयक्तिक चूक झाकली जाते, हे शाळेच्या कबड्डी संघातही होतं. त्या आठवड्यात उडी वाढवण्याऐवजी कमी करायला हवी होती, असं मला वाटतं. फ्लिप ठेवली असती तर तो पडलाच नसता, असं मात्र कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

जाहिरातींचं काय? अठराव्या वर्षी आलेला पैसा नाकारा, असं दहा तास गाडी चालवलेल्या आईला कोण सांगणार? तिथे मी गप्प बसतो. मात्र मनासाठी मदत घ्यायला सतरावा क्रमांक यावा लागला, हे खटकतं. नितंबाला शस्त्रक्रिया लागते तेव्हा कोणी कच खात नाही.

आणि लुट्झ. बेजिंगच्या शॉर्टमध्ये त्याने क्वाड फ्लिप सुरुवातीला ठेवली, मग ट्रिपल अ‍ॅक्सल. प्योंगचांगला आणि स्टॉकहोमला पाडणारी लुट्झ त्याने काढून टाकली नाही. ती सगळ्यात शेवटी नेली, दुसऱ्या अर्ध्यात, जिथे पाय दमलेले असतात पण दहा टक्के जास्त गुण मिळतात, आणि वर तिला ट्रिपल टो लूप या तीन फेऱ्यांच्या उडीची जोड दिली. ती उतरली. संगीत थांबलं तेव्हा एरवी मख्ख चेहऱ्याने वाकून नमस्कार करणाऱ्या या मुलाने हवेत जोरात मूठ मारली. असं आपण कधी करत नाही, का केलं माहीत नाही, असं तो नंतर म्हणाला.